रेल्वेचे डबे आणि लातूरचा हिशेब

लातूरला पहिली रेल्वे आली १९११ मध्ये. बार्शी लाईट रेल्वेची ती अरुंद रुळांची गाडी पुढे जवळपास शतकभर चालली आणि ब्रॉडगेज यायला २००७-०८ उजाडले. त्यानंतर दहा वर्षांनी, ३१ मार्च २०१८ रोजी, शहरालगतच्या हरंगुळ शिवारात चक्क रेल्वेचे डबे बनवण्याच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले. तेव्हापासून गंजगोलाईतल्या चहाच्या टपरीपासून सरकारी बैठकीपर्यंत एकच वाक्य ऐकू येते: कारखाना आला, आता लातूरचे भले होणार.

भले होते, यात वाद नाही. पण ते कोणत्या वाटेने होते, पैसा फाटकाबाहेर कसा येतो आणि त्यातला महापालिकेच्या तिजोरीत किती पडतो, हे कुणी फारसे मांडून दाखवत नाही. मोठा कारखाना आला म्हणजे शहराचे उत्पन्न आपोआप वाढले, ही समजूत जकात होती तेव्हाची. आज हिशेब वेगळा आहे, आणि तो समजून घ्यायला लातूरइतके चांगले उदाहरण मराठवाड्यात दुसरे नाही.

कारखाना कुठवर आला

फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषदेत राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांच्यात करार झाला आणि महिन्या-दीड महिन्यात भूमिपूजन. सरकारी कामाच्या मानाने हा वेग नजरेत भरावा असा. सुमारे ३५० एकर जागा, बांधकामाची जबाबदारी रेल विकास निगमकडे, सुरुवातीची क्षमता वर्षाला २५० डब्यांची आणि पुढे ती ४०० पर्यंत वाढवता येईल अशी आखणी. २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा तयार होऊन बाहेर आला.

मग गाडी अडली. शेड उभी, यंत्रे बसलेली, पण सलग काम मिळेना. कारखान्याची इमारत आणि कारखान्याची ऑर्डर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लातूरकरांनी तेव्हा अनुभवले. ऑर्डर आली ती ‘वंदे भारत’ शयनयान गाड्यांच्या निविदेतून. रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग आणि रेल विकास निगम यांच्या गटाला १२० गाड्यांचे, म्हणजे एकूण १,९२० डब्यांचे काम मिळाले. एका गाडीचा दर १२० कोटी रुपये. भागीदारीतल्या हिश्श्यावरून काही महिने ओढाताण झाली आणि २०२३ मध्ये करारावर सह्या झाल्या. काम करणारी संयुक्त कंपनी म्हणजे किनेट रेल्वे सोल्युशन्स. तीत रेल विकास निगमचा वाटा एक चतुर्थांश. या गाड्या लातूरच्या कारखान्यात बांधायच्या, असे ठरले.

इथे एक साधा भागाकार करून ठेवू. वर्षाला २५० डब्यांच्या वेगाने १,९२० डबे म्हणजे पावणेआठ वर्षांचे काम. ४०० च्या वेगाने पाच वर्षांहून थोडे कमी. म्हणजे कारखाना जितका कार्यक्षम, तितकी पुढच्या ऑर्डरची चिंता लवकर. करारात ३५ वर्षांची देखभालही आहे, पण ती जोधपूरसारख्या ठिकाणच्या डेपोंमध्ये व्हायची आहे. सर्वांत दीर्घकाळ टिकणारे काम लातूरबाहेर आहे. हा मुद्दा भाषणांत येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिला.

पगाराचा पैसा किती हात फिरतो

फाटकाबाहेर येणारी पहिली आणि सर्वांत रुंद वाट पगाराची. समजा, एखाद्या कारखान्यात हजार माणसे आहेत आणि सरासरी वीस हजार रुपये हातात पडतात. (आकडा मानलेला आहे, हरंगुळचा नव्हे.) महिन्याला दोन कोटी, वर्षाला चोवीस कोटी. हा पैसा घरभाड्यात, किराण्यात, शाळेच्या फीमध्ये, मोटारसायकलच्या हप्त्यात, दवाखान्यात जातो. किराणा दुकानदार त्यातून पोऱ्याला पगार देतो, घरमालक वरचा मजला चढवतो, गवंड्याला काम मिळते.

कारखान्यातली एक नोकरी शहरात आणखी किती नोकऱ्या निर्माण करते, याचा एन्रिको मोरेटी या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतल्या शहरांसाठी काढलेला अंदाज प्रसिद्ध आहे: कारखान्यातल्या एका नोकरीमागे स्थानिक सेवांमध्ये सुमारे १.६ नोकऱ्या. तो आकडा उचलून लातूरला चिकटवण्यात अर्थ नाही. तिथला कामगार आणि इथला कामगार यांच्या पगारात, खर्चात, बचतीत फार अंतर आहे. पण त्यामागचा विचार इथेही लागू पडतो, आणि तो असा की पगार जितका जास्त आणि कामगार जितका गावात राहणारा, तितका पैसा गावात जास्त फिरतो.

ठेकेदाराकडचा कंत्राटी कामगार चार जणांत एक खोली घेऊन राहतो, उरलेले पैसे गावी पाठवतो आणि ठेका संपला की निघून जातो. परमनंट माणूस औसा रोडला किंवा बार्शी रोडला फ्लॅट बघतो, पोरांची नावे लातूरच्या शाळेत घालतो. दोघांच्या कामात फरक कमी असेल. शहराच्या दृष्टीने फरक फार मोठा. त्यामुळे ‘किती रोजगार’ हा आकडा कुणी सांगितला की पुढचा प्रश्न ‘त्यातले कायम किती’ हा विचारावा.

पगारासोबत आणखी दोन गोष्टी येतात. भविष्य निर्वाह निधीत कामगाराचे बारा टक्के आणि मालकाचे बारा टक्के जमा होतात. आणि २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना राज्य कामगार विमा लागू होतो, त्यात मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. आडतीवरच्या दिवाणजीला किंवा दालमिलमधल्या हंगामी मजुराला हे छत्र सहसा मिळत नाही. आजारपणात शेत गहाण पडत नाही, हा फायदा हिशेबाच्या वहीत दिसत नाही. पण खेड्यातून आलेल्या घराला तो पगाराइतकाच मोलाचा वाटतो.

जाता जाता एक गंमत. महाराष्ट्रात पगारदार माणूस वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये व्यवसाय कर भरतो. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. दुष्काळात मराठवाड्यातली माणसे खडी फोडायला, नाले खोदायला ज्या योजनेवर गेली, तिच्यासाठी मुंबई-पुण्याचे नोकरदार कर भरत होते. आता हरंगुळला वेल्डिंग करणारा नातूही तो भरेल.

महापालिकेच्या तिजोरीत काय पडते

आता मूळ मुद्दा. लातूरची नगरपरिषद २०११ मध्ये महापालिका झाली, नांदेड-वाघाळा त्याआधी, १९९७ मध्ये. दोन्ही शहरांचे दुखणे एकच: खर्च महानगराचे, उत्पन्न तालुक्याच्या गावाचे.

पूर्वी शहरात माल आला की नाक्यावर जकात पडायची. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांमध्ये ती पुढे चालली आणि तिच्या जागी टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांच्या मोठ्या विरोधानंतर १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींखालच्या उलाढालीला तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर उरलेलाही गेला. त्याच्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना दर महिन्याला भरपाई देते. २०१६-१७ चे उत्पन्न पाया धरून ती दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढते.

म्हणजे शहराशेजारी डब्यांचा कारखाना आला काय आणि न आला काय, भरपाईचे सूत्र तेच. शहरातली उलाढाल दुप्पट झाली तरी आठ टक्के, ठप्प झाली तरी आठ टक्के. शिवाय जीएसटी हा माल जिथे खपतो तिथल्या राज्याकडे झुकणारा कर आहे. जिथे बनतो त्या गावाला त्यात वेगळा वाटा नाही. उद्योग ओढून आणण्याचा महापालिकेचा जुना आर्थिक स्वार्थ जीएसटीने बराचसा संपवला, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरतो मालमत्ता कर. तिथेही लातूरच्या वाट्याला दोन अडचणी आहेत. पहिली हद्दीची. औद्योगिक पट्टे बहुधा शहराच्या कडेला, ग्रामपंचायतींच्या शिवारात वसतात, त्यामुळे कारखान्याच्या शेडवरचा कर महापालिकेकडे येत नाही. दुसरी अडचण रेल्वे असण्याची. राज्यघटनेच्या कलम २८५ नुसार केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक संस्था कर लावू शकत नाहीत. त्या बदल्यात पाणी, रस्ते, दिवाबत्ती यांसाठी सेवा शुल्क घेता येते. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर २००९ मध्ये जी तडजोड झाली, तिच्यानुसार किती सेवा घेतल्या यावरून मालमत्ता कराच्या ७५ टक्के, ५० टक्के किंवा एक तृतीयांश इतके हे शुल्क ठरते. खासगी कंपनी तीच इमारत वापरू लागली की काय, हा वकिलांना दीर्घकाळ काम पुरवणारा प्रश्न आहे.

मग महापालिकेला काहीच नाही का? आहे, पण ते आडवाटेने येते. कामगार आणि अधिकारी शहरात घरे घेतात. नव्या घरावर मालमत्ता कर सुरू होतो, बांधकाम परवानगीचे विकास शुल्क मिळते, आणि खरेदीखतावरच्या मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का अधिभार घेतला जातो, तो स्थानिक संस्थेच्या वाट्याचा. दुकाने, हॉटेले, मंगल कार्यालये, रुग्णालये वाढतात. त्यांचा करही निवासी घरापेक्षा चढा. थोडक्यात, लातूर महापालिकेला डब्यांतून नव्हे, डबे बनवणाऱ्यांच्या घरांतून पैसा मिळेल. तो मिळण्यासाठी घरांची नोंद झाली पाहिजे, फेरमूल्यांकन वेळेवर झाले पाहिजे आणि वसुली झाली पाहिजे. नेमकी इथेच मराठवाड्यातल्या पालिकांची बोंब असते. निवडणूक जवळ आली की वसुलीची मोहीम थंडावते, हे सांगायला अहवाल लागत नाही.

यात आता केंद्राचाही दट्ट्या आहे. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानासाठी अट घातली: राज्याने मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करावेत आणि शहराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढलेली दिसावी. म्हणजे घरपट्टीची वही नीट ठेवणाऱ्या शहराला दोनदा फायदा, न ठेवणाऱ्याला दोनदा तोटा.

राज्य सरकारच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. मागास भागात कारखाना काढणाऱ्याला विजेच्या शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात माफी, भरलेल्या राज्य जीएसटीचा ठरावीक वर्षे परतावा, असे तिचे स्वरूप असते, आणि मराठवाडा-विदर्भाला त्यात झुकते माप. खासगी मोठा कारखाना आला की पहिली काही वर्षे सरकार एका हाताने कर घेते आणि दुसऱ्या हाताने परत करते. हे चूक नाही. पण ‘एवढ्या कोटींची गुंतवणूक’ या बातमीतून लगेच रस्ते आणि शाळा दिसू लागतील, अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचेही तसेच. कायदा २०१३ चा, रक्कम मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के. नवीन कंपनीला नफाच नसेल तर दोन टक्के कशाचे?

वाळूजने काय केले

मराठवाड्यात मोठा कारखाना येऊन सगळे चित्र बदलल्याचे एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ९ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजच्या बजाज ऑटो प्रकल्पाचे उद्घाटन झाले. तेव्हाचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर यांच्यात जे औद्योगिक अंतर आहे, त्याची सुरुवात तिथे सापडते.

पण शहर बदलले ते स्कूटर बनल्यामुळे असे म्हणणे अर्धवट ठरेल. स्कूटरला लागणारे शेकडो भाग आजूबाजूला बनू लागले, हा खरा बदल. बजाजला ॲल्युमिनियमचे ओतीव भाग पुरवण्यापासून सुरू झालेली एंड्युरन्स आणि प्लास्टिकच्या भागांपासून सुरू झालेली व्हॅरॉक, या दोन्ही कंपन्या पुढे इतक्या वाढल्या की युरोपातही त्यांचे कारखाने उभे राहिले. दोघांचे संस्थापक बजाज घराण्याचे नातलग होते, हे खरे. घरच्या माणसाला पहिली ऑर्डर मिळणे सोपे असते. पण त्यांच्या मागे प्रेस, डाय, रंगकाम, जॉब वर्क करणारी असंख्य छोटी शेड्स उभी राहिली आणि त्यांतले अनेक मालक आधी कुठल्यातरी कंपनीत नोकरीला होते. मशीन चालवायला शिकायचे, पाच-सात वर्षांनी तेच मशीन कर्जाने घ्यायचे आणि जुन्या साहेबांकडून काम आणायचे, ही वाळूजची रीत. मोठ्या कारखान्याने दिलेले सर्वांत मोठे दान कोणते, असे मला कुणी विचारले तर मी हीच रीत सांगेन.

अमेरिकेत ग्रीनस्टोन, हॉर्नबेक आणि मोरेटी यांनी मोठे कारखाने मिळवणाऱ्या जिल्ह्यांचा अभ्यास करून २०१० मध्ये जे मांडले, ते याच्याशी जुळते: नवा कारखाना आल्यावर पाच वर्षांनी त्या जिल्ह्यातल्या आधीपासूनच्या कारखान्यांची उत्पादकता सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेली होती. माणसे आणि कसब एका फाटकातून दुसऱ्यात जातात, त्याचा हा परिणाम.

वाळूजची दुसरी बाजूही लातूरने पाहून ठेवावी. औद्योगिक वसाहत शहराच्या हद्दीबाहेर. कामगारांचे बजाजनगर वाढत वाढत एका गावाएवढे झाले, पण कारभार वडगाव कोल्हाटी-बजाजनगर ग्रामपंचायतीचा. हजारो कुटुंबांचे सांडपाणी आणि कचरा सांभाळायला ग्रामपंचायतीची यंत्रणा, तर मोठ्या दवाखान्याला, कॉलेजला जायचे शहरात. महापालिकेकडे खर्च आला, कर नाही. ग्रामपंचायतीकडे लोकसंख्या आली, यंत्रणा नाही. हरंगुळ आणि लातूर यांच्यात हे घडायच्या आत दोघांचा मिळून रस्ते, पाणी आणि मलनिस्सारणाचा आराखडा होणे जमण्यासारखे आहे. घरे बांधून झाल्यावर ड्रेनेज टाकायला निघालो तर तिप्पट खर्च येतो.

लातूरच्या वर्कशॉपला काम मिळेल का

स्कूटर आणि रेल्वेचा डबा यांत फरक आहे. लातूरच्या एमआयडीसीत आज दालमिल, तेलगिरण्या, सोयाबीनवर प्रक्रिया करणारे उद्योग, शेतीची अवजारे आणि त्यांना लागणारे फॅब्रिकेशन आहे. तूर आणि सोयाबीनच्या बाजारात लातूरचा भाव देशभर पाहिला जातो. लोखंड कापणारे, जोडणारे हात शहरात भरपूर आहेत. दालमिलचे एलिव्हेटर, चाळण्या, हॉपर इथलीच माणसे बनवतात आणि दुरुस्त करतात.

मात्र रेल्वेच्या डब्यावरचे वेल्डिंग हा वेगळा प्रांत आहे. त्यासाठी ईएन १५०८५ हे वेल्डिंगचे मानक, वेल्डरची स्वतःची चाचणी, प्रत्येक जोडाची नोंद, आणि अनेक भागांसाठी लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेची मान्यता लागते. हे सगळे मिळवण्यात वेळ आणि पैसा जातो, आणि त्या काळात ऑर्डरची हमी नसते. म्हणून पहिल्या दिवशी बोगी किंवा ब्रेकचे काम लातूरला मिळेल, हे स्वप्न सोडून द्यावे. वायरिंगचे हार्नेस, केबलच्या ट्रे, कंस, आतले फायबरचे पॅनल, सीटचे सांगाडे, पॅकिंग, जिग आणि फिक्स्चरची दुरुस्ती, ही कामे आधी येऊ शकतात. त्यातून कागदपत्रे ठेवण्याची शिस्त लागली की पुढचे दार उघडते.

दुसरे दुखणे पैशाच्या चक्राचे. मोठी कंपनी माल आज घेते आणि बिल कधीतरी देते. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे आणि आता आयकर कायद्यानेही उशिरा देणाऱ्याला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट नाकारली आहे. तरीही तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळत नाही, ही भीती खरी असते. आडतीच्या पेठेत वाढलेल्या लातूरकराला उधारी नवी नाही. पण आडतीत समोरचा माणूस ओळखीचा असतो.

सरकारी कंपन्यांनी खरेदीतला २५ टक्के वाटा लघुउद्योगांकडून घ्यावा, असे केंद्राचे धोरण आहे. हरंगुळला गाड्या बांधणारी कंपनी मात्र बहुसंख्य खासगी भागीदारीची, त्यामुळे ही सक्ती तिला आपोआप लागू होत नाही. स्थानिक खरेदी हवी असेल तर ती मागून, बोलणी करून, पुरवठादारांचे मेळावे घेऊन मिळवावी लागेल.

नोकरी कुणाला

राज्य सरकारच्या धोरणानुसार सवलती घेणाऱ्या उद्योगांनी स्थानिकांना किमान ८० टक्के नोकऱ्या द्यायच्या असतात, पर्यवेक्षकीय जागांवर ५० टक्के. ऐकायला छान. पण इथे स्थानिक धरला जातो तो महाराष्ट्राचा १५ वर्षांचा रहिवासी. सांगलीचा फिटर किंवा नागपूरचा इलेक्ट्रिशियन लातूरमध्ये याच यादीत बसतो, आणि ते योग्यही आहे. आपली पोरे चाकण-रांजणगावला याच नियमाने लागली. फक्त ‘हरंगुळच्या नोकऱ्या हरंगुळलाच’ अशी खात्री कुणी देत असेल तर ती कागदावर मागावी.

लातूरला खरे तर तयारीची सोय आहे. पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहेत. तीस किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असणाऱ्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या किमान अडीच टक्के शिकाऊ उमेदवार घेणे प्रशिक्षणार्थी कायद्याने बंधनकारक आहे. आयटीआयच्या वेल्डर आणि इलेक्ट्रिशियनच्या वर्गात स्टेनलेस स्टीलवरचा सराव वाढवला, तर याच कलमातून दरवर्षी काही पोरे आत जातील.

पण एक अडचण लातूरच्या स्वभावात आहे. ‘लातूर पॅटर्न’ने या शहराला डॉक्टर-इंजिनिअर घडवण्याचा नाद लावला. बारावीच्या गुणांसाठी अख्खा मराठवाडा इथे मुले पाठवतो, आयटीआयला जाणारा मुलगा मात्र घरच्यांना हरल्यासारखा वाटतो. प्रमाणित वेल्डर एखाद्या बेकार पदवीधराच्या कितीतरी पट कमावतो, हे पटवायला दोन-तीन बॅचेस बाहेर पडाव्या लागतील.

याच शिकवणीच्या अर्थव्यवस्थेचा कारखान्याशी एक अनपेक्षित संघर्ष होऊ शकतो, तो भाड्याच्या खोल्यांवरून. विद्यार्थी आणि कामगार दोघांना एकाच प्रकारची खोली आणि एकाच प्रकारची मेस लागते. घरमालकाला आनंद, परभणीच्या शेतकरी बापाला चिमटा.

पाणी

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. शहराची तहान भागवणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. ‘जलदूत’ नावाची ही गाडी पुढे पावसाळ्यापर्यंत धावत राहिली.

अशा शहरात कोणता उद्योग यावा, याचे उत्तर पाण्याने द्यायचे असते. डब्यांच्या कारखान्यात मुख्य खर्च विजेचा आणि पोलादाचा. कापणे, जोडणे, बसवणे, रंगवणे. डबा गळतो का हे पाहण्याच्या चाचणीला लागणारे पाणी पुन्हा वापरता येते. ऊस, कागद किंवा रसायनांच्या मानाने ही तहान फार थोडी. निवड म्हणून हरंगुळचा कारखाना मांजरा खोऱ्याला शोभणारा आहे. कामगारांच्या वस्तीला पाणी लागेलच, आणि ते शेवटी त्याच धरणातून येणार आहे. नव्या वसाहतींना परवानगी देताना सांडपाणी पुन्हा वापरण्याची अट घालायला कुणी अडवलेले नाही.

नांदेडची गिरणी

एकाच मोठ्या कारखान्यावर शहर टेकले की काय होते, हे विचारायला लातूरकराने दीडशे किलोमीटरच्या आत जावे. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानांच्या नावाची उस्मानशाही मिल नांदेडला उभी राहिली ती हैदराबाद संस्थानाच्या काळात. भोवती कापसाचा मुलूख. रुई, सूत आणि कापड यांनी नांदेडला पहिला पगारदार कामगारवर्ग दिला. भोंग्यावर चालणारी घड्याळे, कामगार संघटना आणि महिन्याच्या महिन्याला उधारी फेडणारे गिऱ्हाईक यांच्यासह. १९७४ च्या आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणात ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. यंत्रे जुनी होत गेली, तोटा वाढत गेला आणि शेवटी गिरणी बंद पडली.

विशेष म्हणजे कापूस थांबला नव्हता. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे ‘नांदेड-४४’ हे वाण १९८४ मध्ये आले आणि राज्यभर पेरले गेले. शेतात पीक, शहरात गिरणी, आणि तरीही दोघांची सांगड तुटली. कारण नव्या यंत्रांत पैसा घालण्याचा निर्णय नांदेडमध्ये होत नव्हता. मालकी दूर असलेल्या प्रत्येक कारखान्याला ही जोखीम असते, मालक निजाम असो, महामंडळ असो की परदेशी कंपनी.

गिरणीनंतर नांदेडला मोठा पैसा दिसला तो २००८ मध्ये, गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने. जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेत शहराचा समावेश झाला. रस्ते, पूल, घाट, पाणीपुरवठा अशी कामे झाली. पायाभूत सुविधांसाठी कारखानाच लागतो असे नाही, हे त्यातून दिसले. पण रस्ता एकदा बांधून होतो आणि पगार दर महिन्याला येतो. हैदराबादच्या वाटेवरची कृष्णूर औद्योगिक वसाहत हा त्या दुसऱ्या प्रकारच्या पैशासाठी नांदेडने चालवलेला प्रयत्न. तिथे औषधनिर्मितीसारखे उद्योग आले, वाळूजसारखी साखळी मात्र अजून जमलेली नाही.

दोन शहरे, एक कारखाना

हरंगुळचा फायदा लातूरपुरता ठेवायचा की नांदेडपर्यंत न्यायचा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. नांदेडला १९८१ पासून श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, दक्षिण-मध्य रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे. डिझाइन, चाचणी, सॉफ्टवेअर आणि दर्जा-तपासणीची माणसे तिथून मिळू शकतात. लातूरकडे जागा, शेड आणि वेल्डर. नांदेडकडे प्रयोगशाळा आणि अभियंते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प हरंगुळच्या प्रश्नांवर झाले, तर दोन-तीन वर्षांत ओळखी होतील आणि नोकऱ्या मागून येतील.

यात आड येणारी गोष्ट मात्र रुळांचीच आहे. लातूरहून नांदेडला रेल्वेने जायचे तर लातूर रोड, परळी, परभणी, पूर्णा असा मोठा वळसा पडतो, म्हणून बहुतेक माणसे एसटीच धरतात. थेट मार्गाची मागणी जुनी आहे. देशभर धावणाऱ्या गाड्यांचे डबे बांधणाऱ्या शहरातून शेजारच्या शहरात जायला सरळ रूळ नाही, तोवर नांदेडच्या अभियंत्याला हरंगुळपेक्षा हैदराबाद जवळचे वाटत राहील.